राहिलेला कोपरा

गाइड मुलीनं बुटांवर चढवायला फेल्टच्या मोठाल्या सपाता दिल्या. "जमिनीला ओरखडे नकोत, आजी!" हेडविगआजींना हसू आलं. सीमेजवळच्या याच चेक किल्ल्यात त्यांची आई लाकडी जमिनी पुसायची. मेण लावून झालं, की लेकीच्या पायांना फडकी बांधून म्हणायची, "जा, घसर आता!" खेळता खेळता जमीन आरशासारखी चकाकायची.

दुसरं महायुद्ध संपलं आणि चेक सरकारनं गावातल्या त्यांच्यासारख्या जर्मन माणसांना सीमेपार जर्मनीत हाकलून दिलं. शिपाई आले तेव्हा खिडकीजवळचा कोपरा तेवढा घासायचा राहिला होता. "परत आल्यावर करू गं," आई म्हणाली. सीमा टेकडीपलीकडेच, पण आईला ती पुन्हा ओलांडता आली नाही. मरेपर्यंत तिच्या तोंडी घराआधी तो कोपरा यायचा.

मंडळी पुढच्या दालनात गेली, तरी आजी खिडकीजवळचा कोपरा अडवणाऱ्या दोरीपाशी उभ्याच होत्या. गाइड मुलीनं मागे येऊन विचारलं, तेव्हा त्यांनी कोपऱ्याची गोष्ट सांगितली. मुलीनं दोरी सोडली आणि हात पुढे केला. तो धरून आजी कोपऱ्यात सपाता घासत राहिल्या, पार भिंतीपर्यंत.

"झालं गं, आई," त्या म्हणाल्या. "आता निघू या."