दगडावरची मोकळी जागा

डकोटाच्या माळावरचं ते ओस गाव बघायला उन्हाळ्यात एखाददुसरी गाडी येते. चर्चची किल्ली इथे एकट्या उरलेल्या म्हातारीकडेच असते. ती चर्च उघडून दाखवते, मग मागची थडगी. आज आलेल्यांपैकी एकजण नवरा-बायकोच्या सामाईक दगडापाशी थांबला.

"आजी, या एवार्टच्या जन्माची, मरणाची, दोन्ही सालं आहेत. बायको बोर्गिल्डचं नुसतं जन्माचं. पळून गेली की काय कुणाबरोबर?"

सगळे हसले. म्हातारीही हसली.

"पळायला गावात कुणी उरायला तर हवं ना, बाबा! आमच्याकडे नवरा गेला की त्याच दगडावर बायकोचंही नाव कोरून ठेवतात. मरणाचं साल मागाहून."

"मग ते कोरायचं राहिलं कसं?"

म्हातारीने त्या मोकळ्या जागेवरची धूळ तळहाताने पुसली.

"तीच तर काळजी लागलीय. माझ्यामागे कोरायला इथे आहे कोण?"