शून्य दिवस

रस्ते लवकर व्हावेत म्हणून निविदेत दराबरोबर दिवसही मागवावेत, हे ठरवायला खात्याला तीन वर्षे लागली. अखेर कशेळ्यापुढच्या वाडीत इंजिनीयरसाहेबांनी वाडीच्या रस्त्याची पाकिटे फोडली. दर सारखेच निघाले. दिवस मात्र चौक गावच्या ठेकेदाराचे नव्वद आणि वाडीच्या मजूर सोसायटीचे शून्य.

साहेब खदखदून हसले. "रस्ता काय मंत्राने होतो, श्रीपतराव? तुमचे पाकीट बाद. काम ठेकेदाराला."

"द्या की," सोसायटीचा श्रीपत म्हणाला. "पण मागल्या खेपेला तुमी गुडघाभर चिखल तुडवीत आलावता. आज बूट बघा, सायब."

साहेबांनी कोरडे बूट पाहिले, मग दारात उभी असलेली आपली जीप पाहिली आणि सोसायटीच्या पाकिटावर 'मंजूर' लिहिले.

"केला कधी हा रस्ता?"

"तुमचा नियम व्हईस्तवर, सायब. नुसतं बसून कंटाळा आलावता."