हाताने लाटलेले पापड

"हे मशीनचे आहेत," तेजस्विनी म्हणाली आणि पापडांची चवड तिनं मंगलाबाईंच्या पुढ्यात सरकवली. "कडा बघा ना. केसभर फरक नाही. माझं दुकान हातच्या वस्तूंचं आहे मावशी. अडाजणचे पैसेवाले कस्टमर फसत नाहीत."

मंगलाबाईंनी पोळपाट ओढला, उडदाची लाटी ठेवली, लाटणं फिरवलं. पापड उचलून चवडीवर ठेवला. कडेला कड बसली. दुसरा लाटला, तोही बसला. मंगलाबाईंच्या कोसाडच्या खोलीत पंखासुद्धा बंद होता, कारण वाऱ्यानं लाट्या वाळतात. तेजस्विनीच्या कानामागून घाम ओघळत होता.

"दिसलं मशीन?" मंगलाबाईंनी दंड थोपटला. "चाळीस वर्षं झाली. अजून एकदाही बंद पडलेलं नाही."

तेजस्विनीनं हात जोडले. चुकलं म्हणाली. पण पापडांची पिशवी काही तिनं उचलली नाही.

"मला पटलं हो. पण मी एकेका कस्टमरला इथं आणून बसवू का? पाकीट उघडलं की हात दिसला पाहिजे. जरा वाकडा, एखादी कड जाड. तसे देत असाल तर उन्हाळाभराचा माल माझा, माणूस दारात येऊन घेऊन जाईल. असेच द्यायचे तर राहू द्या."

वाकडा! मंगलाबाईंना कुणी तोंडावर शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. पण पाच वर्षं त्या पिशव्या घेऊन अमरोलीपासून पांडेसऱ्यापर्यंत शहरभर बिल्डिंगांचे जिने चढत होत्या. आता गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. माल दारातून जाणार असेल तर एवढा अपमान गिळायला हरकत नव्हती.

त्यांनी नवी लाटी घेतली. डावीकडे जोर दिला. उजव्या हातानं आपणहून तो सांभाळून घेतला. कड बोटानं ओढली, पापड फाटला. डोळे मिटून लाटला. डोळे उघडले तर चंद्र. हात ऐकायलाच तयार नव्हता.

"थांबा," त्या शेवटी म्हणाल्या. "आमच्या घरात आहे एक कलाकार."

कलाकार म्हणजे त्यांची सून, कुंदनची बायको जयश्री. बारा वर्षांपूर्वी शिरपूरहून आली आणि दुसऱ्याच दिवशी पोळपाटावर बसली. पहिला पापड बघून मंगलाबाईंनी चाळीतल्या बायकांना हाका मारल्या होत्या. "या गं या, नवरीनं गुजरातचा नकाशा काढलाय!" मग सहा महिने शिकवणं झालं. टोमणे झाले, बोटांवर लाटण्याचे फटके झाले. जयश्री मान खाली घालून रोज नवा नकाशा काढायची. शेवटी मंगलाबाईंनी हात टेकले आणि तिला अगाशीवर हाकललं. भर उन्हात पापड वाळव, कबुतरं हाकल, तेवढीच तुझी लायकी. तेव्हापासून ती सकाळी जी वर जायची, ती ऊन उतरल्यावरच खाली यायची. उलट बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आलेल्यागेलेल्याला नकाशाची गोष्ट मात्र अजून ऐकावी लागायची, चहाच्या आधी.

"जयश्री!" मंगलाबाईंनी जिन्यात तोंड घालून हाक मारली. "ये खाले! तुनं नशीब उघडनं."

जयश्री आली. डोक्याला ओढणी बांधलेली, नाकावर उन्हानं काळा पट्टा.

"ह्या ताईंना तुझ्यासारखे पापड पाहिजेत," मंगलाबाई म्हणाल्या. "वेडेवाकडे. ऐकून घे, लोक पैसे देऊन घेणारेत. उद्यापासून तुझी अगाशी बंद. सकाळी सातला इथं बसायचं, ह्या चटईवर, माझ्याजवळ. लाट्या मी करून देईन, तू बिघडवत जा. पाऊस लागेपर्यंत उठायचं नाही."

"एकदम मस्त," तेजस्विनीनं मोबाईल काढला. "सासू-सून शेजारी शेजारी. फोटो पाकिटावरच टाकते. मग दिवाळीपर्यंत हेच चालू ठेवू, काय?"

जयश्रीनं मोबाईलकडे बघितलं. मग चटईकडे. मंगलाबाईंनी अंग चोरून तिच्यासाठी वीतभर जागा केली होती.

ती बसली. लाटी घेतली. लाटणं तिच्या हातात आवाजसुद्धा न करता फिरलं. तिनं पापड उचलला आणि चवडीवर ठेवला.

कडेला कड बसली.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं दुसरा लाटला. तो इतका पातळ होता की खालच्या पोळपाटाच्या रेघा मोजता आल्या असत्या. मंगलाबाईंना असा कधी जमला नव्हता. त्यांच्या तोंडून 'शाबास' निघता निघता राहिलं.

तेजस्विनीनं मोबाईल पर्समध्ये टाकला. "म्हणजे तुमच्या घरात वाकडा पापड कुणालाच येत नाही," ती म्हणाली आणि दारात चपला शोधायला लागली.

मंगलाबाईंचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. त्या सुनेच्या बोटांकडे बघत होत्या.

"तुले येत व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून," जयश्री उठत म्हणाली. दारातल्या बाईलाही कळावं अशा स्वच्छ मराठीत म्हणाली. "पण गोल लाटला असता तर जन्मभर तुमच्या शेजारी बसावं लागलं असतं, आत्याबाई."