डावा कार्बोरेटर

इंजिन तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झालं आणि दिल्लीत द्वारकेतल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमधली कबुतरं एकदम उडाली. वैभवी जुन्या फियाटच्या उघड्या बॉनेटपाशी उभी होती. मानेसरच्या कारखान्यात सहा दिवस शिफ्ट आणि सातव्या दिवशी हे, असं चार महिने चाललं होतं. सिलिंडर हेड उतरवून तिने त्यातल्या हवेच्या वाटा हाताने घासून रुंद केल्या होत्या, मोठे व्हॉल्व्ह बसवले होते. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या एका कार्बोरेटरच्या जागी आज दोन आले होते. फेब्रुवारीत कसौलीच्या चढावर जुन्या गाड्यांची शर्यत होती, आणि तिच्या बाबांना, श्यामकांतांना, ती एकदा तरी पुरी करायची होती.

आता उरलेलं काम बाबांचं. दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात की नाही, हे ते रबरी नळी कानाला लावून ठरवत. ते नोकरीत होते तेव्हा ऑफिसातले लोक त्यासाठी गाड्या घेऊन दारात यायचे.

श्यामकांतांनी नळीचं टोक आधी उजव्याच्या तोंडाशी धरलं, मग डाव्याच्या.

"बिल्कुल सारखे आहेत," ते म्हणाले.

वैभवीला नळीशिवायसुद्धा कळत होतं. डावा जास्त ओढत होता. हो म्हणावं, वर जावं आणि झोपावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण हेच इंजिन घेऊन बाबा घाट चढणार होते. तिने इंजिन बंद केलं आणि कधीपासून ऐकू येत नाही, असं विचारलं.

श्यामकांतांनी नळीवरचं ऑइल पुसलं. मग म्हणाले, उन्हाळ्यापासून. इंजिनाची घरघर कळते, माणसांचं बोलणं कळतं, बारीक आवाज तेवढे गेले.

"तू सगळे रविवार यात घातलेस. मग सांगवेना."

त्यांनी नळी तिच्या हातात दिली. तिने इंजिन पुन्हा सुरू केलं.

"डाव्याचा आवाज कसा आहे? शीळ की फूत्कार?"

"फूत्कार म्हणजे?"

"नाग करतो तो."

"हां, तोच."

त्यांनी डावा स्क्रू पाव फेरा मागे घ्यायला सांगितला. तिने घेतला, दोन्हीकडे ऐकलं, काय ऐकलं ते सांगितलं. मग आणखी थोडा. मान अवघडली, बोटं काळी झाली. अखेर उजवा कुठला नि डावा कुठला, हे तिला कानाने सांगता येईना.

"आता एकच आवाज आहे, बाबा."

"कसा?"

तिने शब्द शोधला. मराठीत मिळाला नाही, हिंदीतही नाही. मग ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन दातांमधून हळू, एकसारखा श्वास सोडत राहिली. श्यामकांतांनी वाकून डोळे मिटले. तिचा श्वास संपला तरी ते तसेच वाकून उभे होते.