हळू चालणारा घोडा

पुंजाजी चौथ्यांदा एसटीने अकोल्याला माझ्या कारखान्यात आले. त्यांच्या शहीद मुलाच्या, ललितच्या पुतळ्याचं काम गावाने मला दिलं होतं. म्हाताऱ्याचा एकच हेका होता, पोरगा घोड्यावर पाहिजे.

मी पार कंटाळलो होतो. "बाबाजी, ललित फौजेत ट्रक चालवत होता ना? घोड्यावर कदी बसला होता काय तो?"

"नाही."

"मंग त्याले उभा करू, हातात बंदूक देऊ. सगळ्या गावाइत तसेच पुतळे हायेत."

"मले घोड्यावरच पाह्यजे."

यांच्याशी कोण डोकं लावणार! मी कागद ओढला. "बरं, घोडा कसा करू? उधळलेला, पुढचे दोन पाय वर?"

"नाही गा. हळू चालणारा."

"हातात तलवार?"

"लहानशी कट्यार चालन."

शत्रूवर कुणी कट्यार घेऊन, हळूहळू घोडा चालवत जातं का? पण वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. तेही थकलेलेच दिसत होते.

"अन् घोड्याचं तोंड? रस्त्याकडे ठेवू ना?"

पुंजाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले.

"नांदगावाकडे ठेवजो. पोरीवाले तिकडचे होते. अठ्ठावीस एप्रिलचं लग्न होतं त्याचं. घोडेवाल्याले मी सांगून ठेवलं होतं."