एकच चौकट

एकुआनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि विद्यापीठाच्या फाटकातच हंबरडा फोडला. पिशवी खाली आदळली, आत काहीतरी फुटलं, त्याची तिला शुद्ध नव्हती. समोरच्या फळ्यावर तिचा एबो होता. हातभर मोठा चेहरा, काळा कोट, भोवती पांढऱ्या फुलांची चौकट, खाली इंग्रजी अक्षरं. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, पण वाचायचं काय होतं त्यात? तिच्या एलमिना गावाच्या भिंतीभिंतीवर, खांबाखांबावर असले कागद तिनं जन्मभर पाहिले होते. एवढा मोठा चेहरा लागतो तो मेलेल्याचा, नाहीतर निवडणुकीला उभ्या राहिलेल्याचा. आणि एबो काही निवडणुकीला उभा नव्हता.

"माझं एकुलतं एक पोर हो! मला कुणी कळवलंसुद्धा नाही! परवाच तर बोलला माझ्याशी!"

फाटकावरचा पहारेकरी अल्हसन धावत आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि त्याला हसावं की रडावं कळेना.

"अहो मावशी, मेला नाही तो! शिष्यवृत्ती मिळालीय त्याला. पीएचडीची, पूर्ण तीन वर्षांची. अभिनंदन केलंय त्याचं!"

"मग ही फुलं कशाला?"

"त्या बाहेरच्या छापखानेवाल्याकडे एकच चौकट आहे. बारसं असो, लग्न असो, मयत असो, सगळ्यांना तीच. सांगून सांगून थकलो मी."

"तू मला फसवतोयस. बोलव त्याला. डोळ्यांनी बघीन तेव्हाच खरं."

एबो वसतिगृहातून धावत आला तो अनवाणीच. एकुआनं त्याचे गाल चाचपले, दंड दाबून पाहिले आणि मग पाठीत एक सणसणीत रट्टा घातला.

"मेल्या," ती ओरडली आणि तिनंच जीभ चावली.

भोवती जमलेली पोरं खो खो हसली. एबो लाजेनं अर्धा झाला. "काय गं आई, अख्खं विद्यापीठ गोळा केलंस!" असं म्हणत त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले. एकुआनं ते झटक्यात खाली ओढले.

"हात खाली! कोण मेलंय रे तुझं?"

लहानपणापासून ती त्याला हेच सांगत आली होती. दोन्ही हात डोक्यावर जातात ते घरात मयत झाल्यावरच, उगीच कुणी मरण ओढवून घेऊ नये. "आणि तू मघाशी ठेवलेस ते?" एबोनं विचारलं. "मी आई आहे. मला सगळं माफ," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

मग तिनं पिशवी उघडली. सुक्या कोळंबीच्या काळ्या चटणीच्या दोन बाटल्या तिनं गावाहून आणल्या होत्या. एकीचा चुरा झाला होता.

"फुटली ती तुझी," ती म्हणाली. "ही एसेनामची. मागू नकोस, मिळणार नाही."

एबोनं मागितलीही नसती. मागच्या वर्षी शिक्षण सोडून, पुस्तकं बांधून तो घरी निघाला होता, आईबरोबर भट्टीच्या धुरावर मासे सुकवायला. त्याच्याबरोबर शिकणाऱ्या एसेनामनं त्याची वाट अडवली होती. दर शुक्रवारी ती विद्यापीठाच्या कचेरीत लागलेल्या सूचना वाचायची, कुठं शिष्यवृत्ती निघाली, कुठं प्रवासखर्च मिळतो, आणि त्याच्या डोक्याशी कटकट करायची. अर्जाच्या शेवटच्या दिवशी वीज गेली तर ही पोरगी दोघांचे कागद घेऊन शहरात गेली आणि अर्ज पाठवूनच परतली. आधी त्याचा, मग स्वतःचा.

"कुठाय ती? पाया तरी पडू दे मला तिच्या."

"नदीपलीकडे गेलीय, प्रबंधाच्या कामाला. तीन दिवस फोन लागत नाही. तिकडं रेंज नसते. माझी बातमी तिला अजून माहीतच नाही!"

"निकाल तिचाही यायचाय ना रे?"

"तिला मिळाली नाही तर मी माझी परत करतो बघ."

एवढ्यात छापखानेवाला खळीची बादली घेऊन आला. फळ्यासमोरच्या पोरांना त्यानं बाजूला सारलं आणि एबोच्या कागदाला लागून दुसरा कागद चिकटवला. तशीच फुलं. मधोमध एक हसरी मुलगी, पुढच्या दातांत फट.

एबोची फळ्याकडे पाठ होती. एकुआनं मात्र तो चेहरा लगेच ओळखला. एबोनं फोनवर दाखवला होता तिला.

"अरे, ही तीच ना? दातात फट असलेली? बघ, बघ, हिलाही मिळाली!"

"काय सांगतेस!" एबो आनंदानं ओरडला आणि दोन ढांगांत फळ्यापाशी गेला. पोरंही त्याच्या मागोमाग गेली. पुढच्या दोघांनी वाचलं आणि त्यांचं हसू विरलं. अल्हसननं टोपी काढली.

एकुआ बाटली पोटाशी धरून मागं उभी होती.

"मोठ्यानं वाच की रे! किती वर्षांची मिळाली हिला?"

एबो वळला. त्याचे दोन्ही हात वर गेले आणि डोक्यावर जाऊन बसले. एकुआनं ते खाली ओढले नाहीत.