वेन्डेलचा कॅल्क्युलेटर

वेन्डेलच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर कोला सांडला. बटणं चिकटली, स्क्रीनवर नुसत्या रेघा.

"राहू द्या मिस, मी नवीन घेईन," तो सारखा म्हणत होता.

"गप रे. उद्या परीक्षा आहे," म्हणत मी तो उघडला आणि स्पिरिटने एकेक बटण साफ केलं.

परीक्षेआधी कॅल्क्युलेटरची मेमरी, म्हणजे त्यात साठवलेलं सगळं, पुसायची आणि स्क्रीनवरची 'मेमरी रिकामी' ही ओळ मला दाखवायची, हा आमच्या वर्गाचा नियम. वेन्डेल ती सगळ्यांत आधी दाखवायचा. त्याच्यावर कॉपीचा आळ आला, तेव्हा मीच प्रिन्सिपॉलशी भांडले होते, "ती ओळ मी माझ्या डोळ्यांनी वाचलीय."

स्क्रीन उजळली. आत कॅल्क्युलसची सगळी सूत्रं होती, आणि शेवटी त्याने स्वतः लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम. मी तो चालवून पाहिला.

'मेमरी रिकामी,' स्क्रीनवर ओळ उमटली.